पान गरम लागलं तर

काकडीचं पान भर दुपारीसुद्धा हाताला गार लागायला हवं. इकडे आखातात, अल ऐनच्या बाहेर ज्या शेतावर मी ग्रीनहाऊस सांभाळतो, तिथे नवीन माणूस आला की त्याला मी पहिलं हेच शिकवतो. पानाच्या खालच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक तोंडं असतात. ती उघडी असली की आतलं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना पानाची उष्णता घेऊन जातं. पाणी कमी पडलं किंवा हवा फार कोरडी झाली की झाड ती तोंडं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण पान तापतं. तपासायला ऑफिसने थर्मामीटर दिलाय. मला आपला पालथा हातच बरा वाटायचा.

दापोलीकडचा एक दादा माझ्या हाताखाली होता. हाताखाली म्हणायचं आपलं, वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा. दोरीवर वेल चढवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. मी पानं चाचपत फिरायला लागलो की म्हणायचा, "आले काकड्यांचे डॉक्टर. लागतेय का नाडी?" मी चिडायचो. त्याला तेच हवं असायचं.

त्या ऑगस्टमध्ये एका दुपारी कूलिंगचा पंप बंद पडला. ग्रीनहाऊसच्या एका भिंतीला पुठ्ठ्याची जाड जाळी असते. पंप तिच्यावर पाणी सोडतो, समोरचे पंखे त्या ओल्या जाळीतून हवा ओढतात, म्हणून आत माणूस उभा राहू शकतो. जाळी वाळली आणि पंखे बाहेरची झळ तशीच आत घ्यायला लागले. आमचा केरळी सुपरवायझर मेकॅनिकवर फोनवरून ओरडत होता, यल्ला, यल्ला, म्हणजे चल, लवकर. मी ओळीओळीतून धावत पानं बघत होतो. सगळी तापलेली. पीक हातचं जाणार होतं.

एका ओळीच्या टोकाला दादा उलट्या क्रेटवर बसला होता. सकाळपासून घामाने निथळत होता बिचारा, आता चेहरा कोरडा. मी त्याच्या कपाळाला पालथा हात लावला. कोरडं आणि चांगलंच तापलेलं. "दादा, बरंय ना?" तो नुसता बघत राहिला. मला वाटलं, दमलाय, वैतागलाय. सुपरवायझरने लांबून विचारलं, याला काय झालं? मी ओरडून सांगितलं, "पसीना बंद हो गया है, अब ठीक है."

हे मी बोललो. दुसरं कोणी नाही, मी.

मग मी पाइप ओढला आणि वेलींवर पाणी मारायला लागलो. एक ओळ झाली की दुसरी, चांगला अर्धा तास. दादा तिथेच, दहा पावलांवर. पानं गार पडायला लागली तसा मी खूशसुद्धा झालो, काय सांगू तुम्हाला. वळून बघतो तर दादा क्रेटवरून खाली कलंडलेला आणि पायांना झटके येतायत. तेव्हा कुठे तो पाइप त्याच्या अंगावर धरला. त्याला खांद्यावर टाकून मी गाडीपर्यंत पळालो, ते सगळ्यांनी पाहिलं. त्याआधीचा अर्धा तास कोणाच्या लक्षात राहिला नाही.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई हिंदी बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, अंग तापलेलं असताना घाम थांबला, तेव्हाच आणायचं ना. मी खाली मान घालून उभा. दिवसातून शंभरदा पानाला हात लावून जे मला कळतं, ते माणसाच्या कपाळावर कळू नये? माझीच मला शिसारी आली.

दादा वाचला. पण उष्णतेने मेंदूला इजा झाली होती. जीभ जड झाली, हात थरथरायला लागले. त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून दुपारी पानाला हात लावला की मला पान लागत नाही, कपाळ लागतं. वेडगळपणा म्हणा हवं तर. आता मी थर्मामीटरच वापरतो. वहिनींचा दर सणाला व्हॉइस मेसेज येतो, भावजी, तुमच्यामुळे आमचा माणूस परत आला. तो मी शेवटपर्यंत ऐकतो आणि उत्तर देत नाही.

या वर्षी सुट्टीत दापोलीला गेलो. सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. दादा ओसरीवर खुर्चीत होता. कप धरवत नाही म्हणून वहिनींनी त्याला चमच्याने चहा पाजला, तोंड पुसलं आणि त्या आत गेल्या. मी खुर्चीशी बसलो आणि सगळं बोललो. कपाळ, सुपरवायझर, पाइप, अर्धा तास. बोलताना रडलो.

दादा बराच वेळ ओठ जुळवत होता. मग एकेक शब्द काढत म्हणाला, "ऐकलं... मी. तेव्हाच. बोलता... येत नव्हतं."

त्याने थरथरता हात कसाबसा माझ्या मनगटावर ठेवला.

"हिला... नको सांगू."

वहिनी कोकमांची पिशवी घेऊन बाहेर आल्या. "न्या तिकडे," म्हणाल्या. "तुम्ही होतात म्हणून वाचले हो हे." दादा माझ्याकडे बघत होता. मी पिशवी घेतली आणि मान हलवली.