मनगट जुळल्यानंतर

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी ऑफिसच्या वेळेला, माझी बायको डमडम मेट्रो स्थानकाच्या जिन्यावरून घसरली. उजवे मनगट मोडले. शस्त्रक्रिया लागली नाही. सहा आठवडे प्लास्टर होते. ते काढल्यावरच्या एक्स-रेत हाड सरळ जुळलेले दिसत होते. दुखणे मात्र थांबले नाही. प्लास्टर होते तेव्हापेक्षा ते वाढले.

ती एका सरकारी बँकेत अधिकारी आहे. पुण्याहून बदली होऊन ती कोलकात्याला आली, तिच्यामागून मी आलो. मी एका इंग्रजी वृत्तपत्राच्या बातम्यांच्या डेस्कवर काम करतो, तेही बहुतेक दिवस घरूनच. त्यामुळे पुढचे जवळजवळ सगळे माझ्यासमोर घडले.

एप्रिलमध्ये तिला कपाचा कान धरता येत नव्हता. ओढणीची कड मनगटाला लागली तरी ती दचकायची. हात छातीशी घेऊन, डाव्या तळव्याने झाकून चालायची. स्थानकाकडे वळणारा रस्ता आला की, कोणाचा धक्का लागण्याआधी, जिना दिसण्याच्याही आधी, मनगटात ठणका सुरू व्हायचा. दोनदा ती तिथूनच परत आली. मग तिने रजा वाढवून घेतली.

घरात विचारपूस सुरू झाली. मी सकाळी विचारायचो: कुठे, कधीपासून, दहापैकी किती. बातमीत मोघम शब्द चालत नाही, त्या सवयीने "बरंच दुखतंय" हे उत्तर मी घ्यायचो नाही. संध्याकाळी चहाच्या वेळेला साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा.

"हात दाखव बघू. सूज आहे का गं?"

"नाही, आई."

"मला तर दिसतेय. जरा जवळ धर. आज किती दुखलं?"

ती डोळे मिटायची, मनगटात लक्ष घालायची, मग सांगायची. कॉल येण्याआधी दुखत नसले तरी त्या वेळी दुखू लागायचे. हे मला तिनेच सांगितले.

मे महिन्यात आम्ही जुनाट दुखण्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. बंगाली गृहस्थ, आमच्याशी हिंदीत बोलत होते. त्यांनी मनगट हलकेच फिरवून पाहिले, एक्स-रे उजेडात धरला.

"हाड जुळलंय," ते म्हणाले. "मेंदूला अजून पटलेलं नाही."

"म्हणजे हे मनाचे खेळ आहेत?" तिचा आवाज चढला होता.

"अजिबात नाही. दुखणं खरं आहे. सगळंच दुखणं शेवटी मेंदूत तयार होतं. हाड मोडलेलं होतं तेव्हाचंसुद्धा." मग त्यांनी मला माझे काम विचारले. सांगितल्यावर हसले. "मग तुम्हाला सोपं जाईल. हाताकडून नुसती खबर येते. ती पहिल्या पानावर घ्यायची की आत टाकायची, हे डेस्क ठरवतं. डेस्क घाबरलेलं असलं, दमलेलं असलं, की साधी खबरही पहिल्या पानावर जाते. आणि घरातले सगळे रोज त्याच बातमीची चौकशी करायला लागले, तर ती तिथून हलणार कशी?"

त्यांनी सांगितले, की किती दुखते हे विचारणे बंद करा. हात झाकू नका. लक्ष दुसरीकडे असेल तेव्हा त्याला थोडे थोडे काम द्या. भीती कमी झाली तर दुखणे कमी होण्याची शक्यता आहे. किती दिवसांत, ते सांगता येणार नाही.

त्याआधीच, एप्रिलमध्ये, तिने वैद्यकीय कारणावरून पुण्याला परत बदली मागितली होती. तसे सुचवणारे तिचे एक वरिष्ठ सहकारी, मूळचे सोलापूरचे, कोलकात्याजवळ बराकपूरला राहतात. डॉक्टरांकडे जाऊन आलो त्याच आठवड्यात ते आपल्या पत्नीला घेऊन भेटायला आले. बदलीसाठी बँकेच्या वैद्यकीय मंडळापुढे तपासणी व्हायची होती. तिथे कसे वागायचे ते त्यांनी समजावले.

"ताई, बोर्डासमोर 'आता जरा बरं आहे' असं चुकूनही म्हणायचं नाही."

"पण डॉक्टर म्हणतात, हात वापरा."

"वापरा की. पुण्यात जाऊन वापरा." त्यांच्या पत्नीने त्यांना कोपराने ढोसले. ते थांबले नाहीत. "माझ्या कमरेनं मला दोनदा महाराष्ट्रात नेलंय."

"आणि तिसऱ्यांदा?" मी विचारले.

"तिसऱ्यांदा ती बरी झाली. म्हणून तर इथे बसलोय."

सगळे हसले. तीही हसली. निघताना ते दारात म्हणाले, की बाहेर पडताना मनगटाला पट्टा बांधत जा, कोण कुठे काय बोलेल सांगता येत नाही.

ते गेल्यावर ती पलंगावर बसली. "मला आधी हात हवाय," ती म्हणाली. "पण हात आला तर पुणं जातं. आईकडे कोण बघणार?" सासूबाई साताऱ्यात एकट्याच असतात.

मी विचारणे बंद केले. चार दिवसांनी तिने विचारले, "तुला आता काही वाटतच नाही का?" मी डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण दिली. "ते माहीत आहे मला," ती म्हणाली. सासूबाईंनाही समजावून पाहिले. त्या म्हणाल्या, "हाताचं विचारायचं नाही, तर मग फोन करून काय हवापाणी विचारू?" कॉल चालू राहिले.

तिने कोणाला एकदाही खोटे सांगितले नाही. तशी गरज पडली नाही. मंडळाची तारीख जवळ येत गेली तसे दुखणे खरोखरच वाढत गेले.

जुलैच्या पहिल्या तारखेला सकाळी ती स्वयंपाकघरात होती. शाखेतून फोन आला होता. सिस्टम बंद पडली होती आणि बाहेर पेन्शनरांची रांग लागली होती. फोन ओट्यावर, स्पीकरवर होता. रजेवर असूनही ती पलीकडच्या मुलाला झापत होती. "पहले सबको बिठाओ, दादा! पंखे के नीचे! सिस्टम बाद में देखना." गॅसवरचे दूध वर आले. तिने बोलता बोलताच उजव्या हातात सांडशी घेतली, दुधाचे पातेले उचलले आणि ते बाजूला ठेवायला वळली. चेहऱ्यावर दुखण्याची खूणही नव्हती. मी दारात उभा होतो.

"हात!" मी म्हणालो.

तिने हाताकडे पाहिले. पातेले खाली पडले. दूध ओट्याखाली पसरले. कोणाला भाजले नाही. ती मनगट धरून जमिनीवर बसली आणि ओरडली. फोनमधला मुलगा "मॅडम? मॅडम?" करत राहिला. त्यानंतर दोन दिवस तिला कंगवासुद्धा धरता आला नाही. सासूबाईंना यातले काही सांगितले नाही.

ऑगस्टमध्ये मंडळाची तपासणी झाली. मी बाहेर बाकावर थांबलो. आत तीन डॉक्टर होते, असे तिने नंतर सांगितले. एकाने मनगट दाबले. दुसऱ्याने एक्स-रे पाहिला. तिसऱ्याने विचारले, दहापैकी किती. तिने नऊ सांगितले.

"खरंच नऊ होतं," लिफ्टमध्ये ती म्हणाली. मी विचारले नव्हते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला उत्तर आले. हाड पूर्ण जुळलेले आहे. वेदनेची तक्रार नोंदवली आहे. निर्णय पुढे ढकलला असून तीन महिन्यांनी फेरतपासणी होईल. बराकपूरहून लगेच फोन आला. "हे बघा ताई, त्यांनी नाही म्हटलेलं नाही. अजून तीन महिने आहे तसं राहू द्या." ती "हो" म्हणाली. संध्याकाळी साताऱ्याचा कॉल आला. तिने हात कॅमेऱ्याजवळ धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुधाजवळ उभी होती. फोन बंद होता. मी मागे टेबलापाशी होतो आणि काही बोललो नाही. तिची नजर उजव्या मनगटावर होती. दूध वर आले, उतू गेले. तिने डाव्या हाताने गॅस बंद केला.