गाठीच्या आजूबाजूला

माझ्या थोरल्या चुलतभावाने आयुष्यात एकही गोष्ट तिच्याकडे बघून पारखलेली नाही. तो नेहमी तिच्या आजूबाजूला बघतो. विक्रोळीच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्समध्ये होता. मशीन बंद पडलं की बाकीचे मशीन उघडायचे; दादा आधी खालची फरशी तपासायचा, मग वरचा पंखा, मग शेजारी उभा असलेला माणूस. "मशीन एकटं बिघडत नाही," असं त्याचं म्हणणं. ते बऱ्याचदा खरं ठरायचं, आणि आम्हा नातेवाइकांना त्याचाच त्रास झाला. माझ्या बहिणीसाठी कांदिवलीचं स्थळ आलं, तेव्हा चौकशीला दादा गेला. वॉचमन, इस्त्रीवाला, किराणा दुकानदार आणि खालच्या मजल्यावरची एक चिडखोर म्हातारी, एवढ्यांशी बोलून परत आला आणि मुलगा चांगला असल्याचं त्याने जाहीर केलं. दिसायला कसा आहे, असं काकीने विचारलं. "त्याला नाही बघितलं," दादा म्हणाला. लग्न झालं, संसारही बरा चालला आहे, त्यामुळे त्याला बोलायची सोय उरली नाही. एकदा त्याने मला मासळीसाठी वर्सोव्याला नेलं. टोपलीसमोर उकिडवा बसून तो पाच मिनिटं पलीकडच्या मांजरीचं निरीक्षण करत होता. शेवटी कोळीण वैतागली. "दादा, म्हावरा इकडं हाय. मांजरीला काय बघतंस?" मांजर टोपलीकडे ढुंकून बघत नाही म्हणजे माल शिळा, असा निष्कर्ष काढून तो उठला. आम्ही रिकाम्या पिशव्या घेऊन परतलो. वहिनीने त्या दिवशी डाळ केली. अशा बऱ्याच डाळी तिने केल्या होत्या.

गेल्या वर्षी वहिनीच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. गाठ एका मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली होती. केमो देऊन ती आक्रसली तर ऑपरेशन करता येईल, नाही तर नाही, असं मुलुंडच्या डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं. पहिल्या औषधांनी फरक पडला नाही. तेव्हा त्यांनी दादाला आणि मला समोर बसवून समजावलं. गाठ म्हणजे नुसत्या कॅन्सरच्या पेशी नव्हेत. या अवयवात तर गाठीचा बराचसा भाग भोवतालच्या ऊतींचाच असतो. तिथले तंतू दाट आणि कडक होत जातात, बारीक रक्तवाहिन्या त्यात दाबल्या जातात आणि औषध आतपर्यंत पोचत नाही. शरीराच्या संरक्षक पेशी तिथे येतात, पण त्यांतल्या काहींना गाठ आपल्या कामाला लावते.

दादा खुर्चीत ताठ बसला. निदान झाल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, आणि ते तिथे शोभत नव्हतं.

"म्हणजे गाठ एकटी नाही," तो म्हणाला.

"नाही."

"ऐकलंस रे?" हे मला. मग डॉक्टरांना, "मॅडम, मग आधी ते आजूबाजूचंच साफ करा ना."

"तसं करून पाहिलंय, काका. काही वेळा उलटंच झालं. भोवतालचं सगळंच वाईट नसतं. त्यातलं काही गाठीला रोखूनही धरतं. नेमकं कुठलं काय करतं, ते आम्ही अजून शिकतोय."

डॉक्टरांच्या बोलण्यातलं पहिलं अर्धंच, गाठ एकटी नसते एवढंच, दादाने ऐकलं. औषधं बदलली आणि आमच्या मुलुंडच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी जो बसेल त्याला दादा भोवतालच्या ऊतींबद्दल सांगू लागला. एका तरुणाने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "काका, माझा फक्त हात मोडलाय." "हाडाच्या आजूबाजूला काय आहे ते विचारलंस का?" दादाने विचारलं. मी पेपरात नोकरी करतो, दिवसभर लोकांचं ऐकणं हाच माझा धंदा आहे. तरी त्या बाकावर मला बसवेना.

मग तो घराकडे वळला. अगरबत्ती बंद झाली. खिडकीवरच्या कुंड्या गेल्या. फ्रिज स्वयंपाकघरातून बाहेर आला. शेवटी पाळी समोरच्या खोलीतल्या बाईंची आली. त्या मूळच्या अकोल्याकडच्या. रोज दुपारी वहिनीजवळ बसून भाजी निवडायच्या आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांची खबर द्यायच्या. दादाने त्यांना दारातच थांबवलं. इन्फेक्शन होईल, हे कारण अगदीच खोटं नव्हतं.

"मास्क लावते, हात धुते," बाई म्हणाल्या. "अजून काय करू? जिन्यातून ओरडून बोलू?"

"नकाच बोलू. तिला आराम पाहिजे."

वहिनीला आराम मिळाला आणि तिने जेवण टाकलं. पेजसुद्धा अर्धी राहू लागली. वजन असंच उतरलं तर पुढचा केमो देता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी आल्यावर मी दादाला त्यांच्या बोलण्यातल्या दुसऱ्या अर्ध्याची आठवण करून दिली: भोवतालचं सगळंच वाईट नसतं. तो बराच वेळ फ्रिजला टेकून उभा राहिला. मग बनियनवरच समोर गेला. "या," तो म्हणाला. "मास्क लावून या."

"येते. तिने काय खाल्लं?"

"काही नाही."

"वाटलंच मला," म्हणत त्या वाटी घेऊन आल्या. त्या दुपारी वहिनी अर्धी भाकरी जेवली.

तपासणी झाली. गाठ वाढली नव्हती, पण कमीही झाली नव्हती. ऑपरेशनचा विषय संपला. केमो चालू ठेवता येईल, पण आता काकूंना काय हवंय ते विचारा, असं डॉक्टर म्हणाल्या. संध्याकाळी दादा आणि मी त्याच्या विक्रोळीच्या घराच्या गॅलरीत उभे होतो. समोर हायवे, त्याच्या पलीकडे खारफुटी. दादा तपासणीच्या खोलीतल्या एसीबद्दल बोलत होता. तो गळत होता म्हणे. आम्ही सगळेच थकलो होतो. मध्येच तो थांबला.

"तू एवढी माणसं बघतोस. ती थकलीय का रे?"

"तिला विचार."

"विचारलं तर नाही म्हणेल."

"मग बघ तिच्याकडे."

हायवेवरून दोन-तीन ट्रक गेले. "बघत नाही मी," दादा म्हणाला. "गाठ निघाल्यापासून नाही बघितलं. बघितलं तर कळेल ना."

थोड्या वेळाने तो आत गेला. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, डोक्याचा स्कार्फ मांडीवर होता. दादाने खुर्ची ओढून तिच्या समोर ठेवली आणि चष्मा लावला.

"काय बघताय?"

"तुला."

"आता?" वहिनीने स्कार्फ उचलला आणि परत ठेवून दिला. "मग लाईट लावा. अंधारात काय दिसणार?"

त्याने लाईट लावला.

पुढच्या केमोला ती दोघं गेली नाहीत. दुखणं कमी करायची औषधं तेवढी चालू आहेत. मी अधूनमधून विक्रोळीला जातो. समोरच्या बाई भाजी निवडत बोलत असतात, वहिनी ऐकत असते आणि दादा खुर्चीत बसून तिच्याकडे बघत असतो. परवा आत गॅसवर दूध उतू गेलं, घरभर करपल्याचा वास पसरला, तरी तो हलला नाही. शेवटी वहिनीनेच सांगितलं, "अहो, दूध."