नागुबाईंची शुक्रवारची देवी

शहापुरात आमच्या गल्लीतल्या नागुबाईंकडे मागावरून उतरलेल्या साड्या डाग काढायला येत. तेलाचा काळा ठिपका त्या ट्रायक्लो नावाच्या उग्र द्रावणात भिजवलेल्या कापसाने असा उठवत, की विणकरालाही जागा सापडू नये. शनिवारी माल व्यापाऱ्याकडे जाई, म्हणून शुक्रवारी दिवसभर हेच काम. ट्रायक्लो वाऱ्याने उडतं, फुकट जातं, म्हणून त्या दार-खिडकी लावून घेत आणि फटींत चिंध्या कोंबत.

संध्याकाळी दार उघडलं, की त्या डोलत बाहेर येत. डोळे तांबडे, बोलणं जड. गल्ली म्हणे, देवी आली. शेजारची शालूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभीच असे. नागुबाई विधवा, मूलबाळ नाही; एरवी त्यांना कोणी कार्याला बोलवत नसे. शुक्रवारी मात्र सवाष्णी त्यांच्या पाया पडत.

१९७९ साली माझी डॉक्टर भाची अंजना विणकरांच्या तब्येतीची पाहणी करायला आली आणि आमच्याकडेच उतरली. तिने नागुबाईंना विचारलं, "देवी अमावास्येला येते का हो?"

"न्हाय. अमावास्येला माग बंद असत्यात."

"म्हणजे देवीलाही सुट्टी?"

"शिकलीस म्हणून थट्टा करू नको गं पोरी!"

मी अंजनावर डोळे वटारले. ती ओशाळली आणि त्यांचं पोट तपासू लागली. उजव्या बरगडीखाली दाबताच नागुबाई कळवळल्या. रक्त तपासलं, तेव्हा यकृताला इजा झाल्याचं कळलं.

"या ट्रायक्लोची वाफ जड असते," अंजना म्हणाली, "ती जमिनीलगत साचते आणि तुम्हीही जमिनीवरच बसता. संध्याकाळी झिंग येते ती तिचीच. असंच चाललं तर यकृत जाईल. डब्याला झाकण ठेवा, हातमोजे घाला आणि शुक्रवारी अंगणात बसा."

नागुबाई पदराशी चाळा करत माझ्याकडे वळल्या.

"आणि देवी आली न्हाय तर, आक्का? मग मला कोण इचारतंय?"

 मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

त्या शुक्रवारी मात्र त्या शेवग्याखाली साड्या पसरून बसल्या. "निम्मं वाऱ्यावारी गेलं बघा," अशी कुरकुर दिवसभर चालली होती. संध्याकाळी बायका जमल्या. नागुबाई शेवटच्या साडीची घडी घालत होत्या. डोळे स्वच्छ, हात स्थिर.

शालूबाईने ताट सावरत हळूच विचारलं, "देवी... आली न्हाय?"

नागुबाईंनी घडी पुरी केली.

"आलती की! म्हणाली, दर शुक्रवारी तुला धरून भाईर वढतीया, आज आपल्या पायानं आलीस. त्या खोलीत पुन्हा बसशील तर बघ. आणि कुणीच दार लावून ह्ये काम करायचं न्हाय म्हणाली." मग शालूबाईकडे बघून म्हणाल्या, "त्ये ताट ठेव गं तिकडं. भाकरी हाय का घरात? लई भूक लागलीया."

अंजना हसू दाबायला तोंडाला पदर लावून आत पळाली.

पुढच्या तपासणीत यकृत सुधारलेलं दिसलं. गल्लीतल्या डाग काढणाऱ्या बाकीच्या बायकाही देवीचा हुकूम म्हणून अंगणात बसू लागल्या. आणि दर शुक्रवारी दिवेलागणीला शालूबाई येई ती ताटात भाकरी, झुणका आणि दोन कांदे घेऊन. कांदा फोडायचा मान नागुबाईंचा.