अर्धी दाढी आणि दोन अल्बम

ग्रुपवरच्या दोस्तांनो, आज वडवणीच्या बाजारात दाढी करायला गेलतो. तिथं जे बघितलं ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

आपल्या लाडक्या रॉक बँडमधल्या दोघांचे, गाणाऱ्याचा एक आणि गिटारवाल्याचा एक, असे वेगवेगळे अल्बम आलेत. बँडमधे दोघांना नुसत्या पहिल्या नावानं ओळखायचे. अल्बमवर पहिल्यांदाच आडनावं आली. आडनाव कळलं की आपल्याकडं जात कळते.

सलूनमधे गण्या खुर्चीत होता, दत्ता बाकावर. हाच बँड ऐकायला एका गाडीवर संभाजीनगरला गेलेले हे दोस्त. सलूनवाल्यानं गाणाऱ्याचा अल्बम लावला.

"बंद कर ते," दत्ता म्हणाला. "गिटारवाल्याचा लाव."

"कामून रं? आवाज आवडत न्हाई का?" गण्यानं विचारलं.

"आवाजाचं सोड. तुमच्यातला हाय म्हणून तुला गोड लागतोय."

गण्यानं गळ्याचा कपडा काढला आणि अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून समोरच्या सलूनमधे गेला. तिथं आता त्यांच्यातलीच माणसं बसतात. दत्तानं हाक मारली नाही. मीही नाही.

घरी येऊन दोन्ही अल्बम शेवटपर्यंत ऐकले. गाणाऱ्याच्या अल्बममधे गिटार त्याच गिटारवाल्यानं वाजवलीय. गिटारवाल्याच्या शेवटच्या गाण्यात मागून येणारा आवाज त्या गाणाऱ्याचाच हाय.

आठवडाभर आपण इथं कुणाचा अल्बम भारी म्हणून एकमेकांची आयमाय काढतोय. खरं सांगा, ऐकलाय कुणी?