ओटीतलं दहा पैशांचं नाणं

सत्तरच्या दशकात सरकारने दहा पैशांचं एक खास नाणं काढलं होतं. हलकं, अॅल्युमिनियमचं, कडेला लाटा असलेलं. त्यावर आई-बाप, दोन मुलं आणि वर एक त्रिकोण. लोकांनी दोन पोरांवर थांबावं म्हणून हा सगळा खटाटोप. पण नाणं पाडणाऱ्यांना आमचं कंग्राळी गाव कुठे ठाऊक होतं!

माझी थोरली काकू भाजीची बुट्टी घेऊन बेळगावच्या बाजारात बसायची. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. कुणाचं बारसं असलं की आजी तिला काहीतरी काम लावून घरीच ठेवायची. काकांसाठी खानापूरकडची एक मुलगी आजीने पाहून ठेवली आहे, हेही घरात सगळ्यांना माहीत होतं. काका कधी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

एका संध्याकाळी काकू बाजारातून आली ती खुशीतच. कोथिंबिरीच्या पेंडीसाठी कुणीतरी तिला ते नाणं दिलं होतं. तिने ते धुतलं, हळद-कुंकू लावलं आणि माझ्या आईपुढे धरलं. "शुक्रवारी माझी ओटी भरशील न्हवं, तवा खण-नारळासंगं ह्योच पैसा घाल."

मी शाळेत जाणारी, म्हणजे घरातली पंडित! नाण्यावरची अक्षरं मोठ्याने वाचली आणि दवाखान्याच्या भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा त्रिकोण तो हाच, हेही सांगून टाकलं. आजी कडाडली, "अगं, ऑपरेशनचा पैसा त्यो! ओटीत घालतीस? हुतं न्हवतं ते बी जाईल!"

काकू जराही बावरली नाही. "दोन तर हायती न्हवं त्यावर? सरकार दोन द्याय राजी हाय. मी कुठं जास्त मागतो?"

आईला हसू आवरेना. शुक्रवारी आजीला न जुमानता तिने तेच नाणं ओटीत घातलं.

पुढे तसली नाणी इतकी आली की ज्याच्या त्याच्या चंचीत ते कुटुंब खुळखुळायला लागलं. सुरुवातीला काकू सुट्ट्यांतून ती निवडून बाजूला ठेवायची. मग हळूहळू ती नाणीही गिऱ्हाइकांना परत जायला लागली. तिची आशा सुटत चालली आहे, हे आम्हाला त्यावरूनच कळलं. शेवटी खानापूरची मुलगी आमची धाकटी काकू होऊन घरात आलीच. तिला आधी मुलगा झाला, मग मुलगी. दोन्ही पोरं काकूच्या अंगाखांद्यावर वाढली.

काही वर्षांनी दवाखान्यातल्या नर्सबाई घरोघर माहिती विचारत आल्या. काकांच्या कुटुंबात कोण कोण, असं विचारल्यावर आजी म्हणाली, "माझा ल्योक, सून आन् दोन नातवंडं." बाई खूश झाल्या. सरकारला हवं होतं नेमकं तसंच कुटुंब! तेवढ्यात काकू चहा घेऊन बाहेर आली. बाईंनी सहज विचारलं, "आणि तुम्ही कोण?"

धाकटी काकूच पुढे झाली. "ह्या आक्का. पोरं ह्यांचीच हायती, बाई. मी निस्ती बाळंत झालो."

काकूच्या बशीत चहा सांडला. आजी उठली, तिच्या हातातली कपबशी घेतली, स्वतःच्या पदराने पुसली आणि म्हणाली, "बस गं. दमलीस."