मैदानाकडे पाठ

आमच्या तालमीच्या फुटबॉल संघानं आपला तरणा, हुकमी डिफेंडर पलीकडच्या पेठेला दिला आणि बदल्यात त्यांचा उतारवयाचा स्ट्रायकर घेतला, तेव्हा आख्खी पेठ खवळली. स्टेडियममध्ये माझ्या पुढच्या पायरीवर बसणाऱ्या मिशीवाल्यानं तर भर गर्दीत शपथच घेतली, "त्या म्हाताऱ्याचा खेळ मी बघणार न्हाय!"

मॅच मात्र त्यानं एकही चुकवली नाही. यायचा, रुमाल झटकून अंथरायचा आणि मैदानाकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसायचा. शेंगा फोडत आमचे चेहरे निरखायचा. आम्ही कपाळावर हात मारला की गरजायचा, "त्यो पोरगा असता तर झालं असतं का असं?" पुढं आमची तालीम जिंकत गेली, तसं त्याचं गरजणं कमी झालं. पाठ तेवढी तशीच राहिली.

फायनलला समोर नेमकी तीच पेठ. मॅच संपता संपता म्हाताऱ्यानं आमच्याच जुन्या डिफेंडरला हूल दिली आणि बॉल जाळीत! हलगी कडाडली. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मी मिशीवाल्याचे खांदे गदागदा हलवले, "अहो, आता तरी वळा की!"

त्याचे डोळे डबडबले होते.

"अदलाबदल झ्याक केली, मान्य हाय! पर वळू कशाला, पावणं? गोल लई बघितल्यात. गोल हुताना आपली पेठ कशी दिसती, ते आज बघितलं."