सहा नंबरचं झाकण

आधीच सांगते, या संकेतस्थळावरच्या गूढ अनुभवांखाली सगळ्यात खवचट प्रतिक्रिया माझ्याच असतात. ‘तपासलंत का?’, ‘साक्षीदार कोण?’ वगैरे. तेव्हा आज मला टोमणे मारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आमच्या घरी देव्हारा नाही. बुद्धाची एक तसबीर आहे आणि पत्रकांनी भरलेलं एक कपाट. बाबा शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढणारे. बुवाबाजीविरुद्धची, जातीविरुद्धची कितीतरी पत्रकं त्यांच्या लाल पेन्सिलीखालून गेली आणि रविवारी ती मी चौकात उभं राहून वाटली. भूत, करणी, अंगात येणं... मी दहाव्या वर्षापासून या सगळ्याशी भांडत आलेय.

चार वर्षांपूर्वी बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग वारज्यातलं आमचंच घर, मग मी. माझ्या पीएचडीचा विषय मी तेव्हाच बदलून घेतला. आता मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत (नाव सांगत नाही) औषधी वनस्पतींचे अर्क तपासते. काचेच्या ताटलीत मेंदूच्या पेशी वाढवायच्या, त्यांना मारणारं रसायन घालायचं आणि कुठला अर्क त्यांना वाचवतो ते मोजायचं.

अर्क चोवीस. सगळ्या बाटल्या सारख्याच तपकिरी, ओळख म्हणून फक्त नंबर. कुठला नंबर म्हणजे कुठली वनस्पती, ती यादी आमच्या गाईड मॅडमच्या कपाटात बंद पाकिटात. मोजणाऱ्याची आशा आकड्यांत उतरू नये म्हणून ही पद्धत. नंबर झाकणांवर लिहिलेले होते, कारण बाटलीवर स्पिरिट ओघळून शाई पुसली जाते. झाकणांचं तेवढं लक्षात ठेवा.

बाबांना संध्याकाळी अस्वस्थ वाटायला लागतं. हातात छापील कागद आणि लाल पेन्सिल दिली की शांत होतात. म्हणून मी लॅबमधले रद्दी प्रिंटआउट घरी आणते. त्यांना मी छापखान्यात मजकूर घेऊन येणारी कुणी बाई वाटते.

त्या दिवशी मी निकालांचा तक्ता आणला होता. चोवीस ओळी, नंबर आणि आकडे, बाकी काही नाही. सहा नंबरनं कमाल केली होती. अकरा नंबर साफ नापास.

बाबांनी कागद परत दिला. सहा आणि अकराभोवती लाल वेटोळं, मुद्रितशोधकांच्या खुणांत म्हणजे या दोन्हींची अदलाबदल करा.

“बाबा, हे बरोबर आहे. कॉम्प्युटरनं छापलंय.”

“कोण छापतं त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही,” बाबा म्हणाले. “मजकूर नीट आणत जा, बाई.”

आई स्वयंपाकघरातून हसली. मी मात्र चिडले, आणि कागद बॅगेत कोंबला.

आठवड्यानं मॅडमनी पाकीट उघडलं. सहा : ब्राह्मी. अकरा : शेवग्याचा पाला.

मी जिन्यातूनच आईला फोन केला. आईनं गॅलरीत ब्राह्मीच्या चार कुंड्या लावल्यात, रोज सकाळी ती बाबांना चटणी करून घालते. मी नेहमी म्हणायचे, “पुरावा काय?” त्या दिवशी म्हटलं, “आई, तू जिंकलीस.” ती म्हणाली, “अजून दोन कुंड्या आणते.”

परिषदेला पाठवायचा मजकूर मी लिहायला घेतला. बॅगेतून पेन काढताना तो चुरगळलेला कागद हाताला लागला. लाल वेटोळं.

आता यात घाबरण्यासारखं काय होतं? काहीच नाही. पण तपासल्याशिवाय मानायचं नाही हे ज्या घरात शिकले, तिथेच तपासल्याशिवाय नाकारायचंही नाही हे शिकले होते. फ्रीझरमध्ये मूळ अर्क वनस्पतींच्या नावानिशी ठेवलेले असतात. ते आणि माझ्या सहा-अकराचे थेंब मी एकाच प्लेटवर शेजारी शेजारी चढवले. अर्कातले घटक अशा प्लेटवर वेगवेगळे होतात, आणि प्रत्येक वनस्पतीचे पट्टे वेगळे उमटतात.

माझ्या सहा नंबरचे पट्टे शेवग्याशी जुळले. अकराचे ब्राह्मीशी.

तीनदा प्लेट केली... तेच.

कधीतरी गाळताना दोन्ही बाटल्या मी एकदम उघडल्या असणार आणि झाकणं उलटसुलट लावली असणार. चूक माझी. मॅडमना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “कळवलंत हे बरं झालं. आता सगळं पुन्हा करा.” सहा महिन्यांचं काम.

त्याहून अवघड होतं आईला सांगणं.

“म्हणजे ब्राह्मीचा उपयोग नाही?”

“या प्रयोगात दिसला नाही. आणि ताटलीतल्या पेशी म्हणजे माणसाचा मेंदू नव्हे, आई.”

“आणि शेवगा?”

“तेही आत्ताच म्हणता येत नाही.”

“एवढी शिकलीस ती हे सांगायला?” असं म्हणून ती कुंड्यांना पाणी घालायला गेली.

आता बाबांबद्दल. ते लॅबमध्ये कधी आलेले नाहीत. बाटल्या घरी आलेल्या नाहीत. माझ्या मनात कुठेतरी शंका असेल आणि माझ्या अक्षरातली अडखळ त्यांनी ओळखली असेल, असंही वाटून गेलं. पण कागद छापील होता. निव्वळ योगायोग? चोवीस नंबरांतून दोन-दोनच्या दोनशे शहात्तर जोड्या होतात. त्यांतली नेमकी हीच? होऊ शकतं. अशक्य नाही.

म्हणून मी बाबांचाही प्रयोग केला. मुद्दाम ओळी बदलून पाच तक्ते त्यांच्यापुढे ठेवले. एकही अदलाबदल त्यांना सापडली नाही. मी वर टाकलेल्या मराठी शीर्षकातल्या चुकलेल्या वेलांटीवर मात्र पाचही वेळा खूण केली.

शेवटी सरळच विचारलं, “तेव्हा तुम्हाला कसं कळलं?”

“अहो, चूक दाखवली की आभार मानायचे असतात,” बाबा म्हणाले. “उलटतपासणी घेत नाहीत.”

“आभारी आहे.”

“आपलं नाव काय?”

मी सांगितलं. त्यांनी ते कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, निरखून पाहिलं, आणि कुठेही खूण न करता माझ्याकडे सरकवलं.

आमच्या लॅबच्या वहीत रकाना रिकामा सोडता येत नाही. लिहिण्यासारखं काही नसेल तर आडवी रेघ मारून खाली सही करायची असते. झाकणांची चूक नोंदवलीये त्या पानावर ‘चूक कशी लक्षात आली’ असा एक रकाना आहे. मॅडमनी दोनदा आठवण केलीये.

अजून मी रेघ मारलेली नाही.